सात नंबरच्या जागेचा शेरा

दादा, तुझ्या तेराव्याला मी जेवले नाही. वहिनीने पान वाढलं, आलेल्या बायका म्हणाल्या, दोन घास तरी घे. सगळ्यांना वाटलं, धाकटी बहीण आहे, दुःख आवरत नसेल. मला राग आवरत नव्हता, आणि तो तुझ्यावर होता. तू समोर असतास तर ताट बाजूला सारून भांडले असते. पण तू हार घालून घेऊन भिंतीवर जाऊन बसला होतास आणि तिथून नेहमीसारखं अर्धवट हसत होतास.

त्याआधी तुझी शोकसभाही झाली. रांझीतले तुझे फॅक्टरीवाले शेजारी, बाबांच्या खात्यात होते ते दोन म्हातारे, झाडून सगळी मराठी मंडळी आली होती. एकाने तुला ‘जबलपूरने समुद्राला दिलेला सुपुत्र’ म्हटलं. ज्या गावातून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र गाठायला अख्खा दिवस लागतो, त्या गावाने समुद्राला काय डोंबल दिलं? तुला हसू आलं असतं. मला मात्र उठून विचारावंसं वाटत होतं की ह्या सुपुत्राने स्वतःच्या हाताने नऊ खोडून पाच का लिहिले. मी विचारलं नाही, कारण त्या दिवशी मला वाटत होतं की उत्तर मला माहीत आहे.

तुला हे सगळं नव्याने सांगायची गरज नाही. पण वर्गात शिकवून शिकवून मला पहिल्या पायरीपासून मांडायची सवय लागली आहे, त्याशिवाय मला नीट रागावताही येत नाही. तेव्हा ऐक.

तीस वर्षं तू बंदराचा पायलट होतास. बाहेरून आलेलं परकं जहाज चॅनलच्या तोंडाशी थांबायचं, तू दोरीच्या शिडीने वर चढायचास आणि त्या जहाजाला खाडीतून आत आणायचास किंवा बाहेर सोडायचास. निवृत्त होऊन रांझीला परत आलास, तेव्हा तुझ्याच जुन्या चॅनलचा प्रश्न निघाला. जहाजं वाढणार होती, मोठी होणार होती, तेव्हा कुठली जागा किती धोक्याची हे ठरवायचं होतं. अपघातांच्या नोंदी अशा कामाला पुरत नाहीत, कारण जिथे अपघात झाला नाही ती जागा सुरक्षित आहे की नुसतं नशीब चांगलं आहे, हे नोंदींवरून कळत नाही. मग ज्यांनी ते पाणी पाहिलंय अशा जाणकारांना विचारायचं. सल्लागार कंपनीने असे अकरा जाणकार निवडले. प्रत्येकाने प्रत्येक जागेला दहापैकी आकडा द्यायचा, धोका जास्त तितका आकडा मोठा, आणि त्या आकड्यांचं गणित करायला कुणीतरी संख्याशास्त्राचा माणूस हवा होता. तूच माझं नाव सुचवलंस. कंपनीच्या शुक्लाजींना तू फोनवर सांगितलंस, “मेरी बहन है, पूरे जबलपूर में उससे अच्छा ये काम कोई नहीं करेगा.” मी तुझ्या शेजारीच बसले होते आणि लाजले होते. पन्नाशी उलटून गेलेली बाई, मोठ्या भावाने कौतुक केल्यावर लाजते.

पहिल्या फेरीचे कागद आले. चॅनलमधल्या सात नंबरच्या जागेला दहा जणांनी तीन नाहीतर चार दिले होते. तू नऊ दिले होतेस.

त्याच आठवड्यात आपण कमानिया गेटपाशी खोव्याची जलेबी घ्यायला गेलो होतो. हातात पानाचा दोना घेऊन तू रस्त्याच्या कडेला उभा राहिलास आणि खायचं सोडून रहदारी बघत बसलास. मी म्हटलं, निवेल, खाऊन घे.

“इकडे बघ,” तू म्हणालास. “तो ऑटो गेटातून बाहेर येऊन राहिला. डावीकडून सायकलवाला येऊन राहिला. मधात हातगाडा आहे, म्हणून दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मग काय होईल?”

“ऑटोवाला ब्रेक मारेल.”

“आणि आई-बहिणीवरून शिव्या देईल. झालं, विषय संपला. जहाजाला ब्रेक नसतो, शालू. माझ्या सात नंबरला मालाचे बार्ज नांगर टाकून उभे असतात, हा हातगाडा. त्यांच्या मागून माणसांची लाँच निघते, बाजाराची माणसं घरी चालली असतात. आणि जहाज ओहोटीसोबत बाहेर निघालं असतं. पाणी मागून ढकलून राहते, हळू केलं तर सुकाणू ऐकत नाही. वरून संध्याकाळचा सूर्य समोर, डोळ्यात.”

“पण फॉर्ममध्ये ओहोटी, बार्ज, ऊन, सगळं वेगवेगळं विचारलंय ना?”

“तेच तर. वेगवेगळं विचारलं तर मीपण तीन देईन. तिथं ते तिन्ही एकाच अर्ध्या तासात येतात. फॉर्म बनवणाऱ्यानं संध्याकाळ पाहिली नाही.”

मी म्हटलं, बरं. जलेबी गार झाली होती. तुझं म्हणणं मला कळलं होतं, दादा. न कळल्याचं सोंग मला आता करता येणार नाही.

दुसऱ्या फेरीचा नियम तुला पाठ होता. सगळ्यांचा मधला आकडा सगळ्यांना दाखवायचा, आणि ज्याचा आकडा फार लांब असेल त्याने एक तर तो बदलायचा, नाहीतर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहून तसाच ठेवायचा. कारण लिहून ठेवला की ती जागा बैठकीत चर्चेला घ्यावीच लागते. बैठक म्हणजे सगळ्यांना पुन्हा जमवणं, पुन्हा महिनाभर. शुक्लाजी रोज फोन करत होते, “मैडम, सहमती कितनी आई?” सगळ्या जागांवर सहमती छान आली होती. माझा तक्ता इतका सुरेख दिसत होता की मी तो छापून टेबलावर ठेवला होता. एका सात नंबरपुढे तेवढं लाल चिन्ह होतं.

म्हणून मी तुला सदर भागात माझ्या घरी जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी केली होती, तुला आवडते तशी. त्या भाजीची मला आता शिसारी येते.

“दादा, दहा जण एकीकडे आणि तू एकटा दुसरीकडे. ते काय मूर्ख आहेत?”

“मूर्ख काहून असतील? त्यातले बरेच जण सात नंबरवरून सकाळी गेले. काही तर दुसऱ्याच बंदरातले आहेत. संध्याकाळच्या ओहोटीत मी गेलो.”

“तुझ्या वेळी तिथे कधी अपघात झाला?”

“नाही.”

“मग?”

तू वाटी, चमचा, लोणच्याची बरणी असं सगळं टेबलावर मांडायला लागलास. बरणी म्हणजे जहाज. मी बरणी उचलून जागेवर ठेवली. आणि म्हटलं, “हे मत नाही, दादा. ही तुझी भीती आहे. भीतीला दहापैकी मार्क देता येत नाहीत.”

तू म्हणालास, “हो, भीतीच आहे. तीस वर्षं तिच्याच भरवशावर जहाजं काढली.”

तिथे मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मी तुला माझं शास्त्र शिकवलं. एका माणसाचा अनुभव कसा वाकडा असू शकतो, पुष्कळांची मतं एकत्र केली की वाकडेपणा कसा निघून जातो, हे मी दर वर्षी मुलांना सांगते ते सगळं तुला ऐकवलं. वाकडेपणाबरोबर कधी कधी नेमकी खरी गोष्टही निघून जाते, हेही मी मुलांना सांगते. ते तुला सांगितलं नाही. शेवटी म्हटलं, “पाचावर ये. पाच म्हणजे काही कमी नाही. माझ्यासाठी ये.”

“चलो,” तू म्हणालास. एवढंच.

चार दिवसांनी तू लिफाफा घेऊन आलास. फाटकातूनच दिलास. मी चहाचं म्हटलं तर म्हणालास, मोटरसायकल चालू आहे. मी आत जाऊन कागद काढला, सात नंबरवर नजर टाकली, नऊवर काट आणि शेजारी पाच. मी आकडा कॉम्प्युटरमध्ये भरला. लाल चिन्ह गेलं. मी खरंच सुटकेचा श्वास टाकला, दादा. अहवालात सात नंबरला ‘मध्यम, लक्ष ठेवावे’ असं लिहून गेलं, आणि ते वाचून कुणीही कशावरही लक्ष ठेवलं नाही. बार्ज तिथेच राहिले, लाँचची वेळ तीच राहिली.

पावसाळा संपता संपता ती बातमी आली. सात नंबर, संध्याकाळ, ओहोटी, बार्जच्या मागून निघालेली लाँच आणि तिच्यावर आलेलं जहाज. चार माणसं मिळाली नाहीत. टीव्हीवर खाडीचं पाणी दाखवत होते आणि पाण्यावर एक टोपली तरंगत होती. मी ऑटो करून रांझीला आले. तू टीव्ही बंद केलास आणि म्हणालास, “चहा घे.” वहिनीने चहा दिला. तू खिडकीतून बाहेर बघत बसलास, फॅक्टरीची पाळी सुटली होती, सायकली आणि मोटरसायकली चालल्या होत्या. मी वाट बघत होते की तू म्हणशील, मी म्हणालो होतो ना. तू म्हणाला नाहीस. नंतर महिना-दीड महिना मी दर रविवारी येत राहिले, आणि तू क्रिकेट, वहिनीचे गुडघे, नळाचं पाणी, सगळ्यावर बोललास. सात नंबरवर एक शब्द नाही. मी त्याला तुझा मोठेपणा समजले. मनातल्या मनात तुझे उपकार मानले. म्हटलं, किती सांभाळून घेतो हा माणूस मला.

मग एका सकाळी फिरायला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकलास, तो उठलाच नाहीस.

तुझ्या नवव्या दिवशी शुक्लाजींचा फोन आला. आधी तुझ्याबद्दल चार शब्द नीट बोलले, मग म्हणाले, “मैडम, जाँच समिती बैठी है. उन्हें सिर्फ फाइनल टेबल चाहिए. राउंड टू की शीटें तो अब आपके पास होंगी भी नहीं.”

मी म्हटलं, कपाटात असतील, बघते.

“देखने की क्या जरूरत है,” ते गोड आवाजात म्हणाले. “इतने दुख में आप कहाँ ढूँढती बैठेंगी.”

त्याच संध्याकाळी नायरचाही फोन आला. तुझा चेला, तू शिडी चढायला शिकवलेला. त्या दिवशी जहाजावर पायलट तोच होता. तुझ्यासाठी रडला, आणि मग म्हणाला की समितीच्या हातात आपला अहवाल आहे. अहवालात जागा मध्यम धोक्याची लिहिली आहे, म्हणजे जागेचा दोष नाही, म्हणजे पायलटची चूक. “कप्तानसाब होते तो बोलते,” तो म्हणाला. तुझ्या पाचाचा आणि माझ्या तक्त्याचा फास करून त्याच्या गळ्यात अडकवायचं चाललं होतं, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. तो मला दीदी म्हणत होता.

बाराव्या दिवशी मी कपाट उघडलं.

दुसऱ्या फेरीच्या गठ्ठ्यात तुझा कागद मध्येच कुठेतरी होता. इंग्रजी फॉर्म. नऊवर काट, शेजारी पाच, ते मला माहीतच होतं. आणि शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या, तुझ्या त्या उभ्या ठळक अक्षरात मराठीत लिहिलेलं होतं: ‘संख्याशास्त्रज्ञांच्या आग्रहावरून पाच केले. माझं मत नऊच आहे. ही जागा चर्चेला घ्यावी.’ खाली सही, तारीख, वेळ. तू पायलटच्या वहीत लिहायचास तशी वेळसुद्धा.

मी ते तीनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. कारण मी आकडे भरत होते, दादा. शेरे नंतर सावकाश वाचू, म्हणून मी फक्त आकड्यांचा रकाना भरला. तक्ता जुळला, लाल चिन्ह गेलं, मग शेरे वाचायची गरज उरली नाही. आमच्या कामातली ही सगळ्यात जुनी खोड आहे. मी मुलांचे मार्क कापते त्यासाठी.

आणि तेव्हा मला तुझं सगळं मौन कळलं, आणि मी कपाटासमोर फरशीवर बसून तुला शिव्या दिल्या. तो मोठेपणा नव्हताच. तुझ्या मते मी तो शेरा वाचला होता. वाचून गिळला होता. ते सगळे रविवार तू समोर बसून माझी वाट बघत होतास, की ही स्वतः कधी बोलते. आणि मी चहा पीत होते आणि वहिनीच्या गुडघ्यांबद्दल विचारत होते. मला कसली बाई समजत राहिलास तू? चार माणसं पाण्यात गेल्यावरही गप्प बसून पोहे खाणारी?

एकदा तरी विचारायचंस. ‘शालू, माझा शेरा वाचला का?’ एवढं वाक्य. तुला बोलता येत नव्हतं असं तर नव्हतं. बारावीनंतर बाबांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं, तेव्हा तू त्यांच्यासमोर बॅग टाकून सांगितलंस की ही शिकणार नसेल तर मी जहाजावर जात नाही. दोन दिवस तू तसाच बसून राहिलास, रजा संपत आली तरी. अखेर बाबा म्हणाले, घाला हिला कॉलेजात. परदेशातल्या कुठल्या तरी बंदरातून तू मला कॅल्क्युलेटर आणलास, तो अजून चालतो. आज मी जी काही आहे ती तुझ्या त्या हट्टामुळे, हे मी तुला कधी धडपणे सांगितलं नाही, आता सांगते. आणि त्याचाच राग येतो. माझ्यासाठी तू बाबांशी भांडलास, आणि स्वतःच्या नऊसाठी माझ्याशी भांडला नाहीस. बाहेरच्या लोकांपुढे माझा तक्ता बिघडू नये म्हणून पाच केलेस ना? असल्या मायेचं मी काय करू? लाँचमधल्या माणसांनी काय करायचं होतं?

तेराव्याला ताट तसंच ठेवून मी तुमच्या मागच्या खोलीत जाऊन पत्र लिहिलं. मला भीती वाटत होती. दहापैकी किती, ते विचारू नकोस. कॉलेजात अजून तीन वर्षं काढायची आहेत, आणि संख्याशास्त्रात एकदा का ‘हिने जाणकाराला आकडा बदलायला लावला’ असं झालं की संपलं. शुक्लाजींना फोन करून सांगितलं की कागद सापडले आणि ते सरळ समितीकडे जातील. ते म्हणाले, “आप समझ नहीं रही हैं, मैडम, इसमें सबसे ज्यादा नुकसान आपका है.” मी म्हटलं, “समझ गई हूँ, शुक्लाजी. थोड़ी देर लगी.”

पत्रात लिहिलं की सात नंबरच्या जागेचा आकडा जाणकाराने स्वतःहून बदललेला नाही, मी बदलवला. त्याने शेऱ्यात तसं स्पष्ट लिहिलं होतं, तो शेरा मी वाचला नाही, त्यामुळे जागा चर्चेला गेली नाही. तो आकडा नऊ धरावा आणि पायलटचा दोष ठरवण्याआधी सोबतचे दोन्ही फेऱ्यांचे त्याचे कागद पाहावेत. आणि हा जाणकार माझा सख्खा मोठा भाऊ होता. सही केली. वेळही घातली, तुझ्यासारखी.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, मीपण येते. रांझीहून आम्ही दोघी पोस्टात गेलो, रजिस्टर केलं, पावती तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. परत येताना ऑटोत मी तिला सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. मला वाटलं होतं ती रागावेल, निदान रडेल. ती म्हणाली, “शालूताई, ते लिफाफा देऊन आले ना त्या दिवशी, मी विचारलं होतं. म्हटलं, काहून चेहरा पाडून राहिले, ताईनं ऐकलं नाही का?”

“काय म्हणाला?”

“हसले. म्हणाले, तोंडानं सांगितलेलं ती लहानपणापासून ऐकत नाही. म्हणून लिहून दिलं. लिहिलेलं शालू सगळं वाचते.”

दादा, मी फक्त आकडे वाचले.